रानातला हिशेब : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

गणपती झाले की पत्रं वाढतात हे ठरलेलं. चाकरमानी गावाला येतात, वरचं रान बघतात, कोणीतरी व्यापारी पडवीत येऊन चहा पितो आणि मग आम्हाला पत्र. या वेळी पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण थोड्या फरकाने तेच पत्र निम्म्या लोकांनी पाठवलंय. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही डोंबिवलीला असतो, गाव संगमेश्वर तालुक्यात. घराच्या वरच्या अंगाला आमचं नऊ एकर रान आहे, ऐन, किंजळ, नाणा, थोडा बिवळा, जांभूळ, खाली पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, बेहडे. आजोबा गेल्यापासून मोठी तोड झालेली नाही. आता एक व्यापारी सगळं रान उक्तं मागतोय, पैसे एकरकमी. धाकटा भाऊ म्हणतो देऊन टाक, दहा वर्षांत परत फुटेल. मला साफ करायचं नाहीये पण घराचं छप्परही करायचंय, पैसे लागणारच. निवडक झाडं तोडून रान राखता येतं का, आणि प्लॅन कसा करायचा? – एक चाकरमानी

उत्तर : राखता येतं, पण उक्त्यात नाही. उक्ता सौदा म्हणजे काय, तर व्यापारी एकदा रानातून फिरतो, मनात आकडा धरतो, तुम्हाला त्याच्या कितीतरी खालचा सांगतो, आणि तुमच्याकडे स्वतःचा आकडाच नसतो म्हणून तुम्ही जी घासाघीस करता ती सगळी हवेत. शिवाय उक्त्यात त्याला घाई असते, जाडं बारीक सगळं कटरखाली. त्यात त्याची चूक नाही हो, त्याने रान घेतलंय, राखायला थोडंच घेतलंय.

भाऊ म्हणतात ते अर्धं खरं आहे. ऐन, किंजळ बुंध्यातून फुटतात, आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा भाजायला, पिढ्यान्‌पिढ्या ऐनाचं कवळ (पाल्याच्या फांद्या) काढतात तरी झाडं उभी आहेतच. दहा वर्षांनी तिथे हिरवं दिसेल, पण ते मनगटाएवढं, सरपणाचं. तुळईचं लाकूड नव्हे. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातल्या नैसर्गिक जंगलात झाडाचा व्यास वर्षाला साधारण २ ते ५ मिलिमीटर वाढतो, म्हणजे तीन धरला तर ३० सेंटिमीटरचं झाड ४५ व्हायला ५० वर्षं. भावाला हा गुणाकार करून दाखवा, भांडू नका.

आता प्लॅन. पहिलं काम तोडायची झाडं शोधणं हे नाहीच, पहिलं काम मोजणं. दिवाळीनंतर गवत वाळलं की चार माणसं घ्या, एकाकडे शिंप्याची टेप, एकाकडे दोरी, एकाकडे रंगाचा डबा, एकाकडे वही, आणि वहीवाला असा निवडा की त्याचं अक्षर त्यालाच नाही तर दुसऱ्यालाही लागेल. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) एका कोपऱ्यापासून सुरुवात करून २० मीटर रुंदीचे पट्टे पाडत जायचं, आणि ज्याचा घेर तीन फुटांच्या वर आहे असं प्रत्येक झाड मोजायचं. घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा, उतारावर असाल तर वरच्या बाजूने उभं राहून. झाडाला नंबर, वहीत जात, घेर, सरळ बुंधा किती फूट, पोकळ आहे का, वेल आहे का, आणि आलेखाच्या कागदावर ठिपका. मोबाइलच्या जीपीएसवर फार विसंबू नका, दाट झाडीत तो दहा पंधरा मीटर इकडेतिकडे सहज जातो, त्यापेक्षा गडगा आणि दोरी बरी. नऊ एकराला चार पाच दिवस लागतील, कंटाळा येईल, दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी म्हणेल की आता अंदाजाने लिहू. लिहू नका.

मग घरी बसून जातवार आणि घेरवार तक्ता करायचा. समजा पाच फुटांवरचे ऐन निघाले ४० आणि चार ते पाच फुटांमधले फक्त १२. आता डोळ्यांना चाळीस दिसतात आणि वाटतं भरपूर आहेत, वीस काढू. पण खालचे बारा वरच्या रांगेत यायला एक फूट घेर वाढायला पाहिजे, आणि तीन मिलिमीटर व्यास म्हणजे घेरात सेंटिमीटरभर, तेव्हा एक फुटाला झाली तीस बत्तीस वर्षं. म्हणजे पुढच्या तीस वर्षांत तुमच्या मोठ्या ऐनांत भर पडणार ती जास्तीत जास्त बाराची, त्यातले एखाद दोन वादळात जाणार, एखादा वठणार. तर या तीस वर्षांत काढायचे नऊ दहा, बास. तेही एकदम नाही काढले तरी चालतील. बिवळ्याचं असं गणित केलंत तर कदाचित उत्तर शून्य येईल, मग बिवळ्याला हात लावायचा नाही, भाव कितीही येऊ दे. बहुतेक रानांत नेमकं हेच चुकतं, किमतीची जात आधी संपते आणि जंगल वरून तसंच्या तसं दिसत राहतं.

रंग तीन ठेवा. पांढरा म्हणजे राखायची बियाण्याची झाडं, आणि ती वाकडीतिकडी उरलीसुरली नव्हे, प्रत्येक जातीची चांगली सरळ, भरपूर फळणारी. पिवळा म्हणजे उद्याची झाडं, आज तीन चार फूट घेराची, यांना तोडीत धक्का लागता कामा नये. लाल सगळ्यात शेवटी. मी हा क्रम मुद्दाम सांगतोय कारण लाल डबा आधी उघडला की हात थांबत नाही.

नकाशावर पऱ्याच्या दोन्ही बाजूंना किमान दहा बारा मीटर पट्टा पूर्ण सोडा, बेहडे तसेही तिथेच आहेत. चढ इतका की ट्रॅक्टर धड चढत नाही, तोही भाग सोडा. ओंडके ओढून न्यायची वाट तोडीच्या आधी ठरवा, नकाशावर लाल ठिपके असतात ते जोडत जायचं, वाट कमीत कमी लांबीची, उताराला आडवी तिरपी, पऱ्या ओलांडायचा झाला तर एकाच जागी. आणि करारात लिहून घ्या की मशीन वाटेवरून खाली उतरणार नाही, ओंडका तारेने वाटेपर्यंत ओढायचा. वाट न ठरवता दिली की काय होतं ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मी लाकडाच्या डेपोवर मोजणीला होतो तेव्हाची गोष्ट, आमच्याच वाडीवर एका ठेकेदाराने ट्रॅक्टर थेट पऱ्यातून वर घेतला, प्रत्येक ओंडक्याला नवी वाट, आणि जूनमध्ये पहिल्या आठ दिवसांत ती सगळी लाल माती खालच्या भातात. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात चाकाची चाकोरी म्हणजे तयार पाटच की. काम संपलं की मे अखेरच्या आत वाटेवर जागोजागी आडवे पाट काढून पाणी रानात सोडायचं, हे दोन दिवसांचं काम असतं आणि कोणी करत नाही, कारण तोपर्यंत ठेकेदाराचे पैसे निघालेले असतात. थोडे पैसे मागे ठेवा.

आणखी एक, वेल. लाल झाडांवरचे वेल तोडीच्या वर्षभर आधी बुंध्याशी कापा. गारंबीचा वेल बघितलायत ना, मांडीएवढा, या झाडावरून त्या झाडावर. तो न कापता एक नाणा पाडला होता आम्ही, नाणा निम्मा वाकला आणि थांबला, आणि मग शेजारच्या दोन किंजळींना घेऊन एकदम खाली आला, कटरवाला पोरगा कसा सुटला ते त्यालाच माहीत. वर्षभर आधी कापला तर वेल वाळून कुजून ढिला होतो. पण फक्त लाल झाडांवरचे कापा, रानातले सगळे नका कापू, जनावरं पाखरं त्यावर जगतात.

झाड पाडताना दिशा बघायची. ज्या बाजूला पाडायचं तिथे आधी खाच, मग मागून कट, मध्ये दोन बोटं लाकूड बिजागरीसारखं शिल्लक. सरळ उताराखाली पाडलं तर बुंधा आपटून चिरतो, लाकूडही जातं आणि खालची पिवळी झाडंही. तिरपं पाडा, वाटेकडे तोंड करून. शेंडे-फांद्या उभ्या झाडांच्या बुंध्याशी ढीग करून ठेवू नका, मार्चमध्ये वणवा आला की तिथेच आधी पेटतं.

परवानगीचं. रत्नागिरी सिंधुदुर्गात बहुतेक रान खाजगी मालकीचं, त्यामुळे लोकांना वाटतं माझं झाड माझी मर्जी. तसं नाही. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत ऐन, किंजळ, बिवळा, जांभूळ, साग, खैर, आंबा, फणस, हिरडा सगळे येतात, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर खाजगी वनाचा शेरा आहे का ते बघा, तो १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्यातून आलेला असतो आणि असला तर मामला वेगळा, वकील गाठा. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून जे शब्दाच्या अर्थाने जंगल आहे, मालक कोणीही असो, तिथे मंजूर आराखड्याशिवाय तोड नाही. म्हणून वही आणि नकाशा घेऊन आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसला जा, व्यापाऱ्याकडे नंतर. तुमच्याकडे नंबर टाकलेली झाडं आहेत म्हटल्यावर समोरचा माणूसही नीट बोलतो, हा माझा अनुभव. आणि व्यापारी म्हणाला की परवानगीचं मी बघतो, तर त्याला परत चहा देऊ नका.

सगळ्यात मोठं काम मात्र रानात नाहीच, सातबाऱ्यावर आहे. सामाईक असेल तर चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या पोरांची नावं असतील, एकाने सही अडवली की आराखडा राहतो बाजूला. गणपतीत सगळे जमतात, आरती झाल्यावर तक्ता पुढे ठेवा. आणि छप्परच करायचंय ना, मग ऐनाचे चार ओंडके घरालाच चिरून घ्या की, लाकूड विकून लोखंडी पाइप कशाला आणताय.

प्रश्न : काका, व्यापाऱ्याने आमच्या ओंडक्यांचं माप घेतलं तर १० घनफूट भरलं. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो साडेबाराच्या वर आहे. फसवलं का आम्हाला? – राजापूरहून एक वाचक

उत्तर : वहिनी, मुलगा बरोबर आहे आणि व्यापारीही खोटा नाही. लाकडाच्या धंद्यात जुनं माप आहे, घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. चार फूट घेर, दहा फूट लांब, तर एक गुणिले एक गुणिले दहा, दहा घनफूट. गोल ओंडक्याचं खरं आकारमान काढलं तर १२.७ येतं. म्हणजे या मापात शंभरातले साडेअठ्ठ्याहत्तरच धरले जातात, बाकीचं चिरताना फळकुटात जातं असा जुना हिशेब. फसवणूक कधी, तर भाव खऱ्या घनफुटाचा ऐकवला आणि माप या पद्धतीने घेतलं तर. म्हणून भाव ठरवतानाच विचारायचं, कुठलं माप. आणि घेर कुठे घेतला तेही बघा, मध्यावर घ्यायचा असतो. शेंड्याकडे टेप लावली की माप कमी भरलंच. सालीसकट का साल सोडून हेही आधीच बोला, ऐनाची साल चांगली जाड असते, मगरीच्या पाठीसारखी.

प्रश्न : मी दापोलीला फॉरेस्ट्री कॉलेजला आहे. वर्गात शिकवतात की निवडक तोडीचं चक्र, म्हणजे एका तोडीपासून त्याच जागी पुढच्या तोडीपर्यंतचा काळ, ३० वर्षं ठेवायचं. हा आकडा कोकणात चालेल का? आणि हे नक्की आलं कुठून?

उत्तर : बाळा, चांगला प्रश्न, परीक्षेत नको विचारूस. मूळ बघायचं तर ब्रह्मदेशात. १८५६ मध्ये पेगूच्या सागाच्या जंगलांवर डिट्रिच ब्रँडिस नावाचा जर्मन आला, मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने हत्तीवरून फिरत घेरवार साग मोजले, सहा फुटांवरचे पहिल्या वर्गात, त्याखालचे दुसऱ्या. दुसऱ्या वर्गातलं झाड पहिल्यात यायला २४ वर्षं लागतात असं त्याने धरलं आणि सांगितलं की वर्षाला पहिल्या वर्गातला चोविसावा हिस्साच काढा. वरच्या पत्रात चाकरमान्यांना जे ऐनाचं गणित सांगितलं ते याच्याच घरातलं. तिथे साग आधी सालीखाली गोल कापून उभा वाळवायचे, दोन तीन वर्षं, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही आणि माल जायचा नदीतून. हाच ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला.

तुझे ३० वर्षांचे आकडे पुढचे. मलेशियाने १९७८ पासून जी पद्धत घेतली तिच्यात चक्र ३० वर्षांचं, आणि कमीत कमी व्यास त्यांच्या मुख्य झाडांना ५० सेंटिमीटर, इतरांना ४५. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनात मशीनने तोड असेल तर हेक्टरी जास्तीत जास्त ३० घनमीटर आणि मग ३५ वर्षं हात लावायचा नाही. हे आपल्या भाषेत आण. ३० ला ३५ ने भाग, हेक्टरी वर्षाला एक घनमीटरही नाही. एकरात आणि घनफुटात केलंस तर एकराला वर्षाला बारा घनफूट, म्हणजे वरच्या वहिनींचा तो चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका आहे ना, तसा एक. एका एकराला वर्षाला एक ओंडका! आणि तिथलेच अभ्यास सांगतात की एवढं कमी काढूनही ३५ वर्षांत किमतीच्या जातींचं लाकूड पूर्ण भरून येत नाही.

मग कोकणात ३० चालेल का? आपलं रान म्हणजे अॅमेझॉन नाही, बराचसा भाग पुन्हापुन्हा तोडून फुटव्यावर वाढलेला आहे, सड्याच्या (वरच्या खडकाळ माळाच्या) कडेला जांभ्यावर माती वीतभर, खाली पऱ्याला तेच झाड दुप्पट वाढतं. एक आकडा सगळ्यांना लावलास तर कुठेतरी चुकणारच. त्यापेक्षा एक कर, कॉलेजजवळच्या एखाद्या रानातले पन्नास ऐन, पन्नास किंजळी घे, मालकाला विचारून साडेचार फुटांवर रंगाचा पट्टा मार आणि दर मे महिन्यात त्याच पट्ट्यावर टेप लाव. तीन वर्षांनी तुझ्याकडे जो आकडा असेल तो माझ्याकडे नाहीये, मला पाठव.

प्रश्न : आमच्या रानात एक मोठा बेहडा आहे, आतून पोकळ, अर्धा वठलेला. ठेकेदार म्हणतो असाही फुकट जातोय, बाकीच्या मालावर मला द्या. देऊ का? – लांजा तालुका

उत्तर : नका देऊ. पोकळ बेहड्यात लाकूड काही मिळत नाही त्याला, जळणाला जाणार. पण उंचावर ढोली असेल तर ती ककणेर, गरुड, धनेश, तुमच्याकडे जे नाव असेल त्या पाखराची असू शकते. मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवत राहतो, उन्हाळाभर. या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही, जुनं मोठं झाडच लागतं, आणि तीच जोडी वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येते. जानेवारी ते मे बेहड्याखाली बघा, बिया पडलेल्या दिसतात, त्यातल्या कितीतरी तुमच्या रानात नसलेल्या झाडांच्या असतात. फुकटात रोपं लावतो हो तो. झाडाला पांढरा पट्टा मारा आणि आजूबाजूचीही चार झाडं राहू द्या, एकटा उभा बेहडा वादळात टिकत नाही.

प्रश्न : किंजळ तोडल्यावर खुंट किती ठेवायचा? आमच्याकडे कमरेएवढा ठेवतात.

उत्तर : कमरेएवढा वाकायचा कंटाळा म्हणून. वीतभर ठेवा, जमिनीलगत, कट तिरपा आणि गुळगुळीत म्हणजे पाणी साचून खुंट कुजत नाही, साल खुंटापासून सुटता कामा नये. उंच खुंटावरचे फुटवे वाऱ्याने खांद्यातून निखळतात, खालचे स्वतःची मुळं धरतात. पावसाच्या तोंडावर पंधरा वीस फुटवे येतील, दोन वर्षांनी त्यातले दोन तीन जोमदार ठेवून बाकीचे कोयतीने काढा, आणि तोवर गुरं आत जाऊ देऊ नका.